'आय हॅव सेंट' की 'आय सेंट'?

प्रश्न : ऑफिसच्या मेलमधलं 'आय हॅव सेंट द फाइल यस्टर्डे' चुकीचं धरतात. मराठीत 'काल फाइल पाठवली आहे' सर्रास चालतं. मग इंग्रजीत अडतं कुठे? आणि 'सिन्स'चं काय?

उत्तर १ : अडतं ते 'यस्टर्डे'पाशी. संपलेली वेळ सांगितली (लास्ट वीक, टू डेज अगो, इन २०१९) की साधा भूतकाळच : 'आय सेंट द फाइल यस्टर्डे'. वेळ काढून टाका, मग 'आय हॅव सेंट द फाइल' अगदी बरोबर. 'व्हेन'ने विचारतानाही तेच : 'व्हेन डिड यू सेंड इट?'

उत्तर २ : 'सिन्स'ची चूक जास्त मुरलेली आहे. 'मी २०१९ पासून इथे काम करतोय' हे मराठीत वर्तमानकाळात बसतं, म्हणून 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स २०१९' तोंडात येतं. हवं : 'आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स २०१९'. सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स', कालावधी असेल तर 'फॉर'. मात्र 'नो' (know, ओळखणं), 'ओन' (own, मालकीचं असणं) अशा क्रियापदांना 'आयएनजी' लावू नका : 'आय हॅव नोन हर फॉर टेन इयर्स'.

उत्तर ३ : 'फॉर' दिसलं म्हणून लगेच 'हॅव' घालू नका. 'आय वर्क्ड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स' म्हणजे तिथलं काम संपलं. 'आय हॅव वर्क्ड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स' वाचलं की माणूस बहुधा अजून पुण्यातच आहे असं समजतात. बायोडेटात हे नक्की तपासा.