गाणे खरोखर आवडते, की नुसते कानांत बसते?

मध्यलय:
गेल्या गणेशोत्सवात आमच्या गल्लीतील मंडळाने एक नवे गाणे रोज सकाळ-संध्याकाळ लावले होते. पहिल्या दिवशी मला त्याची चाल उसनी वाटली, ठेका उगाच ताणलेला वाटला आणि शब्दांविषयी तर बोलायलाच नको. विसर्जनापर्यंत मात्र भांडी विसळताना मी तेच गुणगुणू लागले आणि आता ते कुठे लागले, तर चक्क आवाज वाढवते. गाणे तर जसेच्या तसे आहे. मग ही आवड मानायची की निव्वळ सवय, आणि या दोहोंतला फरक ओळखण्याची काही खूण आहे का? कृपया ‘ज्याची त्याची आवड’ एवढ्यावर बोळवण करू नये.

षड्जपंचम:
या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास बराच जुना आहे. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना निरर्थक शब्द आणि चिनी लिपीसारखी चिन्हे कमी-अधिक वेळा दाखवली होती. जी अधिक वेळा दिसली, त्यांचा अर्थ काहीतरी चांगलाच असणार, असा लोकांचा कल आढळला. ओळखीची गोष्ट समजून घेताना मेंदूला कष्ट कमी पडतात आणि तो सोपेपणा आपण त्या गोष्टीचाच गुण मानून बसतो, असे याचे एक प्रचलित स्पष्टीकरण आहे.

आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळचा प्रयोग २००४ साली टोरांटोच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यात वाद्यवृंदाच्या रचनांचे छोटे तुकडे काही दोनदा, काही आठ वेळा, तर काही बत्तीस वेळा ऐकवण्यात आले. लक्ष देऊन ऐकणाऱ्यांची पसंती आठ वेळांपर्यंत वाढली आणि बत्तीस वेळांना घसरली. ज्यांचे लक्ष दुसरीकडे गुंतवून ठेवले होते, त्यांची पसंती मात्र वाढतच गेली, आणि गंमत म्हणजे ते तुकडे आपण आधी ऐकले आहेत, हे त्यांना धड ओळखताही येत नव्हते. मंडळाचा कर्णा मला या दुसऱ्या प्रकारातला वाटतो. आपण ते गाणे ऐकत नव्हता, ते आपल्या कानांवर पडत होते. त्यामुळे कंटाळा येण्याइतके लक्ष त्याकडे गेलेच नाही.

कर्ण्यासमोरचे घर:
वरील प्रतिसाद वाचून हेवा वाटला. आमच्या खिडकीसमोर गेली काही वर्षे असेच एक गाणे वाजते आणि दरवर्षी ते मला आणखी नकोसे होते. जी गोष्ट पहिल्यापासूनच नावडती आहे, ती वारंवार समोर आणल्यास नावड वाढते, असेही १९७०च्या दशकातील प्रयोगांत दिसले आहे. तेव्हा केवळ पुनरावृत्तीने काहीही गळी उतरते, असे कृपया कोणी समजू नये. मध्यलय यांना ते गाणे प्रथम सामान्य वाटले असेल, असह्य नव्हे.

विलंबित:
खूण विचारली आहे म्हणून लिहितो. पुनरावृत्ती हा आपल्या संगीताचा पायाच आहे. ख्यालात मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, तालाच्या दर आवर्तनाला समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येतो, एका बैठकीत कितीतरी वेळा येतो, आणि तो पुरता ओळखीचा झाल्यामुळेच मधल्या आलापांचे आणि तानांचे नावीन्य कळते. पुणे आकाशवाणीने १९५५-५६ मध्ये ‘गीतरामायण’ सादर केले, तेव्हाही दर आठवड्याला एक नवे गीत येई आणि त्याच आठवड्यात ते पुन्हा ऐकवले जाई. श्रोत्याला अख्खे गीत मुरवायला सवड मिळे.

आज रीलमुळे पुनरावृत्ती होते ती गाण्याची नव्हे, त्यातल्या पंधरा-वीस सेकंदांची. परवा एका लग्नात असे एक गाणे पूर्ण वाजले. ती ठरावीक ओळ येताच सगळा मांडव गाऊ लागला, आणि अंतरा सुरू होताच निम्मे लोक जेवणाच्या रांगेकडे वळले. म्हणून माझी कसोटी साधी आहे: ध्रुवपद सोडून अंतऱ्याची चाल आठवते का, आणि पुन्हा ऐकताना आधी निसटलेले काही सापडते का, मग तो एखादा कणस्वर (मूळ स्वराला निसटता स्पर्श करणारा स्वर) असो, तबल्यावरची लग्गी (जलद बोलांचे वादन) असो किंवा मागे धरलेला व्हायोलिनचा सूर. सापडत असेल, तर आवड सवयीतून आली म्हणून ती खोटी ठरत नाही. मला स्वतःला बहुतेक राग असेच आवडू लागले.

मध्यलय:
सर्वांचे आभार. कसोटी लावून पाहिली. अंतऱ्याची चाल आठवते, शब्द आठवत नाहीत, आणि मधल्या जागेत सनई आहे की कीबोर्डवर काढलेला सनईचा आवाज, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. आता हेडफोन लावून, हातात दुसरे काम न घेता, रोज एकदा ऐकणार आहे. षड्जपंचम यांचे म्हणणे खरे असेल, तर आता कंटाळाही यायला हवा; तो आला तर इथेच कळवते.