औषधांचे भाव आणि अमेरिकेतलं लॉबिंग: कायदा करणाऱ्यांना त्याच उद्योगात नोकरी घेण्यास बंदी हवी का?

पूर्वकिनारा (धागाकर्ता)

मधुमेहाची जानुव्हिया ही गोळी घ्या. अमेरिकेत तिची महिन्याची छापील किंमत 527 डॉलर होती. जानेवारी 2026 पासून मेडिकेअरसाठी, म्हणजे प्रामुख्याने 65 वर्षांवरच्या लोकांच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी, ती 113 डॉलर ठरली. गोळी तीच, कंपनी तीच. सरकारने भाव करायला सुरुवात केली, एवढाच फरक.

मग इतकी वर्षं भाव का केला नाही? कारण कायद्यानेच मनाई होती. 2003 साली मेडिकेअरमध्ये औषधांचा खर्च समाविष्ट करणारा कायदा झाला. औषध कंपन्या आणि विमा योजना यांच्यातल्या वाटाघाटीत सरकारने पडायचं नाही, असं एक कलम त्यात होतं. माजी सैनिकांचं खातं कंपन्यांशी घासाघीस करून औषधं घेतं, पण त्याहून कितीतरी मोठ्या मेडिकेअरला 2022 च्या कायद्यापर्यंत तो अधिकार नव्हता!

हा कायदा कसा झाला तेही पाहा. 22 नोव्हेंबर 2003 च्या पहाटे तीनच्या सुमारास प्रतिनिधीगृहात मतदान सुरू झालं. एरवी पंधरा मिनिटांत आटोपणारं मतदान जवळजवळ तीन तास उघडं ठेवलं, कारण मतं कमी पडत होती. नेतेमंडळी सभागृहात एकेकाला गाठून वळवत होती. शेवटी 220 विरुद्ध 215 ने कायदा निघाला. मिशिगनचे सदस्य निक स्मिथ यांचं मत मिळावं म्हणून त्यांच्या मुलाच्या उमेदवारीला पाठिंबा देऊ केल्याबद्दल सभागृहातले रिपब्लिकन नेते टॉम डिले यांना पुढे नीतिमत्ता समितीने समजही दिली.

कायदा घडवण्यात पुढे असलेले समिती अध्यक्ष बिली टॉझिन जानेवारी 2005 मध्ये फार्मा या औषध कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख झाले. कायदे करणाऱ्यांना आपल्या बाजूला वळवणं, म्हणजे लॉबिंग, हे तिचं काम. पगार वर्षाला सुमारे 20 लाख डॉलर.

यात कुठेही कायदा मोडलेला नाही, आणि मला सगळ्यात जास्त छळतं ते हेच. ज्या उद्योगाचा कायदा तुमच्या समितीपुढे आला, त्या उद्योगाची नोकरी तुम्हाला कायमची बंद, असा नियम हवा. सध्याची बंदी प्रतिनिधीगृहातल्यांना एक वर्षाची आणि सिनेटरांना दोन वर्षांची. तेवढ्या काळातही जुन्या सहकाऱ्यांना स्वतः फोन करायचा नाही इतकंच. कोणाला फोन करावा हे पडद्यामागून सांगायला पूर्ण मोकळीक आहे.

घटनाप्रेमी

पूर्वकिनारा, तुमचा राग समजतो, पण निदान चुकतंय. सरकारकडे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीत भाषणस्वातंत्र्याच्या शेजारी बसलेला आहे. लॉबिंग म्हणजे तोच हक्क, संघटितपणे वापरलेला.

मार्च 1990 मधली गोष्ट. अपंगांच्या हक्कांचं विधेयक प्रतिनिधीगृहात रखडलं होतं. तेव्हा डझनावारी लोकांनी व्हीलचेअर आणि कुबड्या खाली ठेवल्या आणि कॅपिटॉलच्या, म्हणजे संसदभवनाच्या, पायऱ्या ते हातांवर, कोपरांवर सरपटत चढले. त्यांत सेरेब्रल पाल्सी असलेली आठ वर्षांची एक मुलगी होती. त्याच वर्षी 26 जुलैला कायद्यावर सही झाली. आज अमेरिकेत फुटपाथवर उतार आणि बसला लिफ्ट दिसते त्यामागे हाच हितसंबंधी गट आहे. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांमुळे मुलं गमावलेल्या आयांनी 1980 मध्ये संघटना काढली आणि चार वर्षांत दारू विकत घेण्याचं किमान वय 21 करायला राज्यांना भाग पाडणारा केंद्रीय कायदा करून घेतला.

तुम्ही दार बंद कराल तेव्हा याच लोकांना आधी बाहेर राहावं लागेल. कंपन्यांना दुसरं दार सापडतं.

पूर्वकिनारा

पायऱ्या चढलेल्यांपैकी कोणी कायदा लिहून नंतर त्याच कायद्याच्या जोरावर 20 लाखांची नोकरी घेतली नाही. मी गाऱ्हाण्याचं दार बंद करा म्हणतच नाहीये. ते दार ज्याच्या हातात आहे, त्याने पलीकडच्याची नोकरी घेऊ नये, एवढंच म्हणतोय.

रसायनशाळा

मी पुण्यात औषध संशोधनात काम करते, त्यामुळे माझं मत एकांगी वाटेल, तरी मांडते. टॉझिन यांच्याबद्दल एक गोष्ट राहिली. 2004 मध्ये त्यांना कर्करोग झाला आणि ते नव्या औषधाने बरे झाले. त्यानंतर या क्षेत्राबद्दल त्यांना मनापासून काही वाटलंच नसेल असं आपण कसं ठरवणार?

दुसरं, लॉबिस्ट फक्त पैसे घेऊन फिरत नाहीत, माहितीही घेऊन जातात. 2022 च्या कायद्याने भाव करायची मुभा दिली, पण गोळ्यांना मंजुरीनंतर 9 वर्षांनी आणि जैविक औषधांना (सजीव पेशींपासून बनणारी, बहुधा इंजेक्शनने दिली जाणारी) 13 वर्षांनी ठरलेला भाव लागू होईल असं ठेवलं. याचा अर्थ गुंतवणूक गोळ्यांकडून इंजेक्शनांकडे सरकू शकते. रुग्णाला मात्र घरी पाण्याबरोबर घेता येणारी गोळी सोयीची असते. हे खासदाराच्या कार्यालयातल्या पंचविशीतल्या सहायकाला कोण समजावणार? ज्याला रसायन कळतं तोच ना?

सांगलीकर

रसायनशाळा ताई, समजावून सांगायला कोणाची ना नाही. पण समजावणारे दोन्ही बाजूंचे हवेत. 2003 च्या कायद्याच्या वेळी मेडिकेअरचा खर्च मोजणारे सरकारी अधिकारी रिचर्ड फॉस्टर यांचा हिशेब 500 अब्ज डॉलरच्या पुढे जात होता आणि काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, सुमारे 400 अब्जांचा आकडा सांगितला जात होता. आपला हिशेब खासदारांना देऊ नये म्हणून त्यांच्यावर वरिष्ठांनी दबाव आणला, नोकरी जाईल अशी भीती दाखवली. म्हणजे कंपन्यांची माहिती आत येत होती आणि सरकारचीच माहिती दारात अडवली होती. हा कसला माहितीचा व्यवहार?

आणि हा एका पक्षाचा प्रश्न नाही. डेमोक्रॅट ओबामांनी 2008 च्या प्रचारात टॉझिन यांच्यावर टीका करणारी जाहिरात केली. 2009 मध्ये आरोग्य सुधारणा मंजूर व्हावी म्हणून त्यांच्याच व्हाइट हाउसने टॉझिन यांच्या संघटनेशी समझोता केला. कंपन्यांनी दहा वर्षांत 80 अब्ज डॉलरचा भार उचलायचा आणि सरकारने भाव करण्याचा विषय बाजूला ठेवायचा.

मिशिगनकर

पैशापुढे कोणाचं काही चालत नाही, असा सूर लागतोय म्हणून लिहितो. बेळगावचे श्री ठाणेदार अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहावर निवडून आले, ते उदाहरण आपल्या घरचं आहे. 2022 मध्ये डेट्रॉइटच्या प्राथमिक निवडणुकीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) एपॅक या इस्रायलसमर्थक गटाशी संलग्न सुपर पॅकने, म्हणजे प्रचारावर अमर्याद खर्च करू शकणाऱ्या समितीने, त्यांच्याविरुद्धच्या उमेदवारासाठी 40 लाख डॉलरहून जास्त ओतले. तरी ठाणेदार जिंकले. मतदार विकले जात नाहीत.

सांगलीकर

जिंकले, पण स्वतःच्या खिशातले लाखो डॉलर घालून. बेळगावचा गरीब मुलगा तिथवर पोचला याचा अभिमान मलाही आहे. पण बाहेरच्या 40 लाखांना उत्तर द्यायला स्वतःचे लाखो लागत असतील, तर डेट्रॉइटच्या शाळेतल्या शिक्षिकेने उभं राहायचं कशाच्या बळावर?

घटनाप्रेमी

मूळ मुद्द्याकडे येतो. 2022 चा कायदा झाला तोही गटांच्या दबावामुळेच. सुमारे पावणेचार कोटी सदस्यांची एएआरपी ही ज्येष्ठांची संघटना औषधांच्या भावासाठी वर्षानुवर्षं झगडली. दोन्हीकडे संघटना असल्या की तोल सांभाळला जातो.

पूर्वकिनारा

याच एएआरपीने 2003 मध्ये त्या कलमासकट कायद्याला पाठिंबा दिला होता आणि संतापून हजारो सदस्यांनी राजीनामे दिले होते. संघटनेला स्वतःचं नाव विमा कंपनीला वापरू देण्यातून मोठं उत्पन्न मिळतं. त्यामुळे तोल आपोआप सांभाळला जातो यावर माझा विश्वास नाही.

सिनेटमध्ये 7 ऑगस्ट 2022 ला काय झालं ते बघा. मेडिकेअरवाल्यांना इन्सुलिन महिन्याला 35 डॉलरच्या आत मिळेल हे टिकलं. खासगी विमा असलेल्यांनाही तेच मिळावं या प्रस्तावाला 57 मतं पडली, विरोधात 43. प्रक्रियेच्या नियमामुळे 60 हवी होती. बहुमत असून तरतूद गळली. सत्तरीतल्या बाईला सवलत आणि तिच्या मधुमेही नातवाला नाही, याला मी तोल म्हणू शकत नाही.

रसायनशाळा

पण मार्च 2023 मध्ये एली लिली या औषध कंपनीने आपल्या मुख्य इन्सुलिनची किंमत 70 टक्क्यांनी उतरवण्याचं जाहीर केलं आणि खासगी विमावाल्यांनाही 35 डॉलरची मर्यादा लावली. कायद्याशिवाय.

पूर्वकिनारा

उतरवली, आणि त्याचा आनंद आहे. पण तीच किंमत आधी वर्षानुवर्षं चढत गेली तेव्हाही कायदा नव्हता. कंपनीच्या मर्जीने उतरलेला भाव तिच्या मर्जीने चढूही शकतो.

आणि झगडा संपलेला नाही. जुलै 2025 मध्ये सही झालेल्या मोठ्या अर्थविषयक कायद्यात दुर्मीळ आजारांवरच्या औषधांना भाव करण्यातून मिळणारी सूट वाढवली. औषध उद्योग ती मागत होता. रसायनशाळा, तुम्ही म्हणाल की दुर्मीळ आजारावर संशोधन व्हावं म्हणून ही सूट हवीच. मान्य. पण आधी फक्त एका दुर्मीळ आजारावरच्या औषधाला मिळणारी सूट आता अनेक दुर्मीळ आजारांवर चालणाऱ्या औषधालाही मिळणार आहे. हा बदल शेकडो पानांत दडलेल्या काही ओळींचा आहे. त्या ओळी कोणाच्या सांगण्यावरून आल्या, हे कायद्याच्या कागदावर नोंदवायला घटनाप्रेमींची हरकत आहे का?

घटनाप्रेमी

नाही. नोंद हवी, आणि मतदानाच्या आधी हवी. लॉबिस्ट आजही दर तिमाहीला खर्च जाहीर करतात, पण कोणत्या ओळीसाठी तो केला ते त्यात नसतं. तिथे मी तुमच्याबरोबर आहे. नोकरीवरच्या कायमच्या बंदीला मात्र माझा विरोध राहील. तसं केलं तर राजकारणात फक्त ज्यांना पुढे नोकरीची गरजच नाही असे श्रीमंत येतील.