हवेची बोट घेऊन खाडीत जायचं तर...

ज्यांनी विचारलंय की पंधरा हजाराची हवेची (म्हणजे हवा भरून फुगवायची) बोट पवना धरणाच्या पाण्यात मस्त चालली, आता दापोलीकडे नेऊ का, त्यांना माझं मत, न्या पण आधी खाडीच्या आतच. धरणाच्या पाण्याला भरती-ओहोटी नसते, हाच सगळा फरक आहे बघा.

मी कोथरूडवरून पहाटे निघून जायचो आणि वेळ न बघता पाण्यात उतरायचो. एकदा ओहोटी लागली आणि मी वल्हं मारतोय मारतोय तरी काठावरचा तो एकच माड हळूहळू लांब चाललेला, म्हणजे मीच खाडीच्या मुखाकडे, समुद्राच्या दिशेने चाललेलो! तिथे बाहेर जाणारं पाणी आणि आत येणाऱ्या लाटा भिडतात, छोटी बोट सरळ उलटते. शेवटी एका होडीवाल्या काकांनी दोर टाकून ओढलं, शिव्या वेगळ्या.

तेव्हापासून अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळतो, अष्टमीच्या आसपास जातो, पाण्याला ओढ कमी असते. भरती चढताना आत सरकायचं, बोई आणि काळुंदर हे मासे तेव्हाच कडेला येतात. सकाळचा वारा जमिनीकडून समुद्रात जातो, हलकी बोट तो पतंगासारखी नेतो, त्यामुळे नांगर हवाच, आणि तो पुढच्या टोकाला बांधा, मागे बांधलात तर पाणी आत येतं. दोन मीटर पाण्याला दहा-बारा मीटर दोर सोडा.

खडकाला चिकटलेली कालवं (शिंपले) ब्लेडसारखी असतात, हवेच्या बोटीने तिकडे फिरकू नका. लाईफ जॅकेट अंगात, डिकीत नाही. कोस्टगार्डचा नंबर १५५४ सेव्ह करून ठेवा, मोबाईल पाऊचमध्ये. आणि पावसाळ्यात तर विषयच नको.