बंदरावरची मांजरं गोणीत भरून खाडीपलीकडे सोडायची म्हणतात, काय करू?

पाजपंढरी:
नमस्कार. हर्णै बंदराजवळ राहते. लिलावाच्या जागेभोवती आणि आमच्या आळीत वीसेक मांजरं झाली आहेत. सुकत घातलेल्या बोंबलांना तोंड लावतात म्हणून शेजारी वैतागलेत. आळीच्या बैठकीत ठरलं, गोणीत भरून खाडीपलीकडे सोडायची. मी थोडी मुदत मागून घेतली आहे. नसबंदी करायची तर पकडू कशी? अंगाला हात लावू देत नाहीत. आणि पुन्हा इथेच सोडणार म्हटल्यावर लोकांना काय सांगू?

वेंगुर्लेकरीण:
ताई, मुदत मागितलीत हे फार चांगलं केलंत. आळीला सांगा, मांजरं बंदरावर येतात ती माशांच्या डोक्यांसाठी आणि उंदरांसाठी, आणि ती दोन्ही बंदरावर राहणारच. इथली उचलली की आजूबाजूची नवी येऊन बसतात आणि वर्षात पुन्हा पिल्लंच पिल्लं. नसबंदी झालेली जुनी मांजरं आपली जागा धरून राहतात. बोक्यांची रात्रीची भांडणं आणि मुताचा उग्र वासही पुष्कळ कमी होतो. लोकांना हे वासाचंच सर्वांत आधी पटतं. हाल होतील असं जनावर गोणीत कोंबून नेणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, पण बैठकीत कायद्यापासून सुरुवात करू नका, माणसं हट्टाला पेटतात.

माझं मत विचाराल तर मासेमारीबंदीत करा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद, लिलाव नाही. ऐन हंगामात पोट भरलेलं मांजर पिंजऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही, आषाढात तेच सुकटीच्या वासावर आत जातं. शिवाय पिंजरे उचलायला माणसं घरी असतात. अडचण एकच, पावसाची. टाके भिजता कामा नयेत, म्हणून कोरडी पडवी किंवा जाळी ठेवायची खोली आधीच मोकळी करून घ्या.

पिंजरा सुरुवातीला नुसता ठेवायचा. दार वर बांधून टाकायचं आणि खाणं आतच द्यायचं. बिनधास्त आत जायला लागली की मग आतल्या पट्टीवर पाय पडताच दार पडेल असं लावायचं. मी तव्यावर तारली भाजून पार मागच्या टोकाला ठेवते, म्हणजे मांजर पूर्ण आत गेल्याशिवाय पाय पट्टीवर पडत नाही. दार पडताच ते जाळीवर धडका मारतं, नाक सोलून घेतं. लगेच अख्ख्या पिंजऱ्यावर जुनी चादर टाका. अंधार झाला की शांत होतं. हात आत घालू नका. चावलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

आधी भाट्या, म्हणजे माद्या, धरा. एखादाच बोका मागे राहिला तरी आळीतल्या सगळ्या भाट्या गाभण राहू शकतात. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही पुन्हा माजावर येते. तिरंगी दिसली की ती जवळजवळ नक्की भाटीच.

डॉक्टर मांजरांची ऑपरेशनं नेहमी करणारेच बघा. विरघळणारे टाके सांगा, त्याच भुलीत रेबीजची लस आणि डाव्या कानाचं टोक सरळ कापून घ्या. ती खूण लांबून दिसते, तेच मांजर दुसऱ्यांदा टेबलावर जात नाही. आदल्या रात्रीपासून मोठ्या मांजराला खायला नको, पिल्लांना मात्र इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत, डॉक्टरांना वेळ विचारा. नंतर अंग ऊबदार ठेवा. बोका दुसऱ्या दिवशी सोडता येतो, भाटीला दोन-तीन दिवस ठेवा. दुखत असेल म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, मांजराला ती विष आहे.

दाभोळखाडी:
खर्चाचं सांगतो. आमच्याकडे मासळी विकणाऱ्या बायकांनी वर्गणी काढली. ज्यांचे बोंबील मांजरं पळवत होती त्यांनीच पहिले पैसे दिले. सुकवणीवर जुनं जाळं ताणून बांधलं, तेव्हा निम्म्या तक्रारी तिथेच मिटल्या.

पाजपंढरी:
दोघांचे खूप आभार. जाळ्याचं उद्याच करते. एक विचारायचं होतं. शाकारलेल्या होडीखाली एक तिरंगी व्याली आहे, वरचा माडाच्या पात्यांचा झाप उचलला की फिस्कारते. तिला आत्ता धरू का?

वेंगुर्लेकरीण:
आत्ता नको. तुम्ही तिला नेलंत की पिल्लं दुधावाचून मरतील. झापही सारखा उचलू नका, ती पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे नेईल आणि मग सापडायची नाहीत. तिचं खाणं होडीपासून चार पावलांवर रोज एकाच वेळी ठेवा. पिल्लं स्वतः खायला लागली, साधारण दोन महिन्यांची झाली, की आधी तिला धरा. दूध पूर्ण आटलं नसेल तर पोटाऐवजी बाजूने, कुशीतून ऑपरेशन करता येईल का ते डॉक्टरांना विचारा. पिल्लं किलोभर वजनाची झाली की त्यांचंही होऊ शकतं, सवय असलेले डॉक्टर करतात. होडीमालकाला मात्र आजच सांगून ठेवा, नारळी पौर्णिमेच्या आधी होडी हलवणार असेल तर तुम्हाला निरोप द्यायला.