सर्व्हरची डिस्क बदलायची आहे: कधी बंद ठेवावा, किती वेळ, आणि हवेतल्या विमानांचं काय?

व्हीएएयू_टॉवर, छत्रपती संभाजीनगर

नमस्कार मंडळी. आपल्या फ्लाइटगिअर (कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सिम्युलेटर) सर्व्हरच्या मशीनमध्ये २ टीबीच्या दोन डिस्क रेड-१ मध्ये आहेत, म्हणजे दोन्हींवर एकच डेटा. त्यातल्या एकीचे रिअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) सेक्टर महिन्याभरात ८ वरून ११२ वर गेलेत, पेंडिंग (संशयित) सेक्टरही दिसायलेत. म्हणजे ती बदलायचीच. याच मशीनवर एफजीएमएस (सगळ्यांची विमानं एकमेकांना दाखवणारा मल्टिप्लेअर सर्व्हर), मम्बल (बोलण्यासाठी), चर्चेची साइट आणि व्हर्च्युअल एअरलाइनची पायरेप (उड्डाण-अहवाल) नोंदणी आहे. मारियाडीबी या डेटाबेसचा डेटा साधारण ६ जीबी. ऑपरेटिंग सिस्टीम डेबियन ११ आहे, तीही १२ वर न्यायची आहे, तर दोन्ही कामं एकदाच उरकावीत असा विचार आहे.

कच्चा बेत: रविवारी रात्री १० ला बंद, सोमवारी पहाटे ४ ला चालू. सहा तास पुरतील का? वेळ बरी आहे का? आणि त्या वेळी ज्यांचं विमान हवेत असेल, त्यांचं उड्डाण आणि पायरेप वाया जाऊ नये म्हणून काय करावं? मशीन घरच्या इन्व्हर्टरवर आहे, आयपी स्थिर आहे. सभासद बहुतेक मराठवाड्यातले, पाच-सहा जण जर्मनी आणि अमेरिकेत.

गोदाकाठ, नांदेड

भाऊ, डेबियनचं काम आधी यातून बाजूला काढा. ११ वरून १२ वर जाताना साइट ज्यावर चालते ती पीएचपी ७.४ ची ८.२ होते आणि मारियाडीबी १०.५ ची १०.११. साइटची जुनी एक्सटेन्शन तिथं हमखास अडतात. डिस्क आणि सिस्टीम एकाच रात्री बदलली आणि सकाळी पायरेपचं पान कोरं आलं, तर दोष डिस्कचा, डेटाबेसचा की पीएचपीचा हे शोधण्यातच दिवस जाईल. डिस्क आता, डेबियन दोन आठवड्यांनी.

एकट्या डिस्कला सहा तास लागत नाहीत. डिस्क बसवायला मशीन बंद करावं लागतं, पण रेड पुन्हा जुळवायला नाही. २ टीबी सेकंदाला १५० एमबीनं धरले तर पावणेचार तास होतात. डिस्कच्या आतल्या भागात वेग उतरतो, वरून सर्व्हर चालू, म्हणजे पाच-सहा तास धरा. हे सगळं लोक उडत असतानाच होतं. संध्याकाळी गर्दीला अडचण वाटली तर रेडची कमाल गती ५०,००० केबीवर आणा, रात्री पुन्हा वाढवा. सर्व्हर प्रत्यक्ष बंद अर्धा-पाऊण तास. जाहीर करा दोन तास.

खरा धोका वेगळाच आहे. रेड जुळत असताना तुमच्याकडं चांगली प्रत एकच असते, आणि ती जुनी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते. तिच्यातला एखादा झाकलेला खराब सेक्टर नेमका तेव्हा उघडा पडतो. म्हणून चार-पाच दिवस आधी दोन कामं करा: राहणाऱ्या डिस्कवर स्मार्टची (डिस्कची स्वतःची तपासणी) लाँग टेस्ट, आणि अख्ख्या रेडवर एमडीची (लिनक्समधलं रेड) ‘चेक’ फेरी. दोन्ही स्वच्छ निघाल्याशिवाय तारीखच जाहीर करू नका.

आता क्रम. स्मार्टसीटीएलनं दोन्ही डिस्कचे सिरीयल नंबर कागदावर लिहून घ्या आणि कॅबिनेट उघडल्यावर लेबलवरचा नंबर ताडूनच केबल काढा. ‘एसडीए म्हणजे वरची’ असं कधीही धरू नका, रीबूटनंतर अक्षरं बदलू शकतात. मशीन बंद करण्याआधी रेड सांभाळणाऱ्या एमडीएडीएम कमांडनं खराब डिस्कचे सगळे भाग आधी ‘फेल’, मग ‘रिमूव्ह’ करा. नवी बसली की पार्टिशन टेबल एसजीडिस्कनं उतरवा. इथं नीट लक्ष द्या: ‘आर’ पर्यायाला जोडून नवी डिस्क येते आणि ओळीच्या शेवटी जुनी. उलट लिहिलं तर कोऱ्या डिस्कचं टेबल चांगल्या डिस्कवर चढतं. त्यानंतर ‘जी’ पर्यायानं नव्या डिस्कचे ओळखक्रमांक बदला, मग एमडीएडीएमनं ‘ॲड’.

बूटलोडर (मशीन सुरू करणारा प्रोग्राम) रेडसोबत आपोआप येत नाही. जुन्या पद्धतीचं बूट असेल तर नव्या डिस्कवर ग्रब वेगळा चढवायचा, यूईएफआय असेल तर ईएफआयचा भाग वेगळा उतरवायचा. आणि हे राहणाऱ्या डिस्कवर आहे की नाही, ते आत्ताच पाहून घ्या. मदरबोर्ड आजवर खराब डिस्कवरूनच सुरू होत असेल, तर ती काढल्यावर काळा पडदा दिसेल.

खरेदीत एकच सांगणं: सीएमआर डिस्क घ्या. एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवलेली) स्वस्त मिळते, पण रेड जुळताना सलग लिहावं लागतं आणि ती रांगायला लागते. नवीचे एकूण सेक्टर जुनीपेक्षा एकानंही कमी नकोत.

बालाघाट_एटीआर, बीड

वेळेबद्दल बोलतो. रविवार रात्री १० म्हणजे १६३०झेड (झेड म्हणजे विमानचालनातली जागतिक वेळ, यूटीसी). आपल्याकडं भर गर्दी, आणि जर्मनीत रविवारची संध्याकाळ. याहून वाईट वेळ आठवड्यात सापडणार नाही.

पहाटे ४ पण नको. भारतीय वेळ झेडच्या साडेपाच तास पुढं, त्यामुळं पहाटे साडेपाचच्या आधीची कोणतीही वेळ लिहिली की झेडमध्ये आदली तारीख येते. बुधवार पहाटे ४ म्हणजे मंगळवार २२३०झेड. निम्मे लोक मंगळवारी तयारीत बसतात, निम्मे बुधवार रात्री. सकाळी साडेपाचनंतरची वेळ घेतली की दोन्हीकडं वार एकच राहतो.

मी मंगळवार सकाळी ६.३० ते ८.३० सुचवेन, म्हणजे ०१००झेड ते ०३००झेड. जर्मनीत मध्यरात्र उलटून गेलेली. न्यूयॉर्ककडं मात्र सोमवारची रात्र ८-९ असते, तिथल्या दोघा-तिघांना वेगळा निरोप द्या. आपल्याकडं उन्हाळा असो की नसो, मशीन उघडायला सकाळच बरी. मे महिन्यात दुपारी खोलीतच ४० च्या वर पारा असतो आणि तापलेल्या मशीनमध्ये नवी डिस्क पाच तास राबवायची नसते. शिवाय लाइनच्या देखभालीसाठी वीज बंद ठेवतात ती बहुतेक सकाळी ९-१० नंतर. त्या दिवशी तुमच्या फीडरवर काम आहे का, हे आदल्या दिवशी विचारून ठेवा.

एअरॅकचा (हवाई मार्गांच्या डेटाच्या नव्या आवृत्तीचा) गुरुवार टाळा. दर २८ दिवसांनी गुरुवारी ०००० झेडला नवीन चक्र सुरू होतं, त्या दिवशी मार्ग तपासायला लोक साइटवर येतात.

इन्व्हर्टरचा हिशेब: १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी म्हणजे १,८०० वॅट-तास. लेड-ॲसिड निम्मीच वापरायची, इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८० टक्के धरा, हाती येतात ७२०. मशीन, राऊटर आणि फायबरचा डबा मिळून १२० वॅट ओढत असतील तर सहा तास. रेड जुळायला लागणारा वेळही तेवढाच, म्हणजे वरकड काही नाही. घरातले पंखे त्याच इन्व्हर्टरवर असतील तर त्या दिवशी काढा. आणि मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे ना, ते पाहा. साध्या मोडला बॅटरीवर जायला इतका वेळ लागतो की पंख्याला कळत नाही, पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो.

लातूर_व्हीएएलटी

हवेतल्या विमानांबद्दल. एफजीएमएस यूडीपीवर (जोडणी न करता पॅकेट पाठवायची पद्धत) चालतो, पोर्ट ५०००. यूडीपीला ‘जोडणी तुटली’ हा प्रकारच नाही. सर्व्हर बंद झाला तरी पायलटचं विमान त्याच्या कॉम्प्युटरवर उडत राहतं, फक्त आजूबाजूची विमानं गायब होतात. सीनरी टेरासिंकवरून येते, तिचा आपल्या सर्व्हरशी संबंध नाही. म्हणजे उड्डाण वाया जात नाही. पण पायलटला सर्व्हर गेल्याचं कळतही नाही आणि तो रिकाम्या आकाशात रेडिओवर हाका मारत राहतो. मम्बल टीसीपी आणि यूडीपी दोन्ही वापरतं, तिथं मात्र लगेच तुटल्याचं दिसतं. म्हणून बंद करताना आधी मम्बल, मग पाच मिनिटांनी एफजीएमएस. आवाज गेला की लोकांना उमजतं.

चॅटवर भरवसा ठेवू नका. चॅटचा मजकूर विमानाच्या पॅकेटसोबत जातो आणि पल्ल्याबाहेरच्यांना पोचत नाही. संभाजीनगरच्या टॉवरवरून लिहिलेलं हैदराबादजवळच्या विमानाला दिसणार नाही.

पायरेपचं: ०१०० झेडला जे हवेत असतील त्यांनी उतरल्यावर एकार्स क्लायंट (उड्डाण नोंदवून पायरेप पाठवणारा प्रोग्राम) बंद करू नये. पार्किंगला इंजिन बंद करून तसाच उघडा ठेवावा आणि ०३०० झेडनंतर पाठवावा. घाईनं ‘सबमिट’ दाबून एरर आली आणि खिडकी बंद केली, तर काही क्लायंटमध्ये नोंद जाते. तुमच्या बाजूनं, अर्धवट उड्डाणं ठराविक तासांनी आपोआप रद्द करणारं क्रॉन (ठरल्या वेळी धावणारं काम) असेल तर ते त्या दिवशी थांबवा. सर्व्हर उठल्या उठल्या ते आधी धावतं.

दुधना, परभणी

बॅकअपवर कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. रेड हा बॅकअप नव्हे. मायएसक्यूएलडंप ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ लावून घ्या, टेबल लॉक न होता एकसंध प्रत मिळते. पण हे फक्त इनोडीबी प्रकारच्या टेबलांना लागू. चर्चेच्या साइटची जुनी टेबलं अजून मायआयसॅमची असू शकतात, ती असतील तर साइट बंद ठेवूनच डंप घ्या.

मराठी मजकुरासाठी कॅरॅक्टर सेट यूटीएफ८एमबी४ असा स्पष्ट लिहा, डंप घेताना आणि परत भरतानाही. कनेक्शन लॅटिन१ राहिलं तर देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन तुकड्यांत मोडतं आणि साइटवर टोपीवाल्या रोमन अक्षरांची माळ दिसते. डंपचा आकार बरोबर, ओळी बरोबर, आणि तरी मजकूर गेलेला. म्हणून डंप दुसऱ्या कॉम्प्युटरवर भरून एखादा जुना मराठी धागा उघडून डोळ्यांनी वाचा. सोबत जोडलेल्या फायली आणि अवतारांचं फोल्डर, मम्बलची एसक्यूलाइट फाइल, एफजीएमएसची कॉन्फिग.

आणि इटीसी फोल्डर (सिस्टीमच्या सगळ्या सेटिंग) पूर्ण. मशीन किती दिवसांत रीबूट झालेलं नाही? आयपीटेबल्सचे (फायरवॉलचे) नियम कधी हातानं टाकले असतील आणि साठवले नसतील, तर रीबूटनंतर ते उडतात. नेमकं फसवं असं की ५००१ वर टेलनेट करून पाहिलं तर एफजीएमएस चालू दिसतो, विमानांची यादी मात्र रिकामी, कारण यूडीपी ५००० अडलेलं असतं.

व्हीएएयू_टॉवर

खूप मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी. रीबूट होऊन चारशेच्या वर दिवस झालेत आणि नियम हातानंच टाकलेले आहेत, आजच साठवतो. डेबियन पुढं ढकललं. सूचना अशी लिहिलीय:

‘सर्व्हर देखभाल. मंगळवार ०१०० झेड ते ०३०० झेड, भारतीय वेळ मंगळवार सकाळी ६.३० ते ८.३०. मल्टिप्लेअर, मम्बल, साइट आणि पायरेप बंद. ००४५ झेडपर्यंत पार्किंगला या. हवेत असाल तर उड्डाण चालू ठेवा, एकार्स बंद करू नका.’

साइटवर ‘काम चालू आहे’चं पान ५०३ (सेवा तात्पुरती बंद) कोडसह लावतो. काही राहिलं का?

गोदाकाठ, नांदेड

सूचना चांगली आहे. ‘अमेरिकेत सोमवारची रात्र’ एवढं जोडा. सात दिवस आधी, आदल्या दिवशी आणि तासभर आधी टाका.

५०३चं पान मात्र त्याच मशीनवर ठेवून कसं दिसेल, मशीनच बंद असणार. साइटचं नाव तेवढ्या वेळापुरतं दुसऱ्या छोट्या होस्टवर वळवा आणि तिथून ५०३ सोबत ‘रिट्राय-आफ्टर’ ७२०० सेकंद द्या. त्यासाठी डीएनएसचा टीटीएल (नावाचा पत्ता इतरांनी किती वेळ जपून ठेवायचा तो काळ) आज २४ तासांचा असेल तर निदान २४ तास आधी ३०० सेकंदांवर आणावा लागेल. हे नको असेल तर ग्रुपवरची सूचना पुरे. मल्टिप्लेअरच्या नावाला हात लावू नका, आयपी बदलत नाहीये.

माघारीची वेळ आधीच ठरवा, डिसिजन हाइटसारखी (उतरायचं की पुन्हा वर जायचं हे जिथं ठरतं ती उंची). ७.४५ ला नव्या डिस्कसह मशीन उठलं नाही तर ती काढायची आणि एकट्या चांगल्या डिस्कवर सर्व्हर चालू करायचा. रेड-१ एका डिस्कवरही चालतो. बाकीचं दुसऱ्या दिवशी.

लातूर_व्हीएएलटी

चालू झाल्यावरच्या चाचणीला दोन विमानं लागतील, आणि एक जण तुमच्या घरच्या नेटबाहेरून हवा, नाहीतर फायरवॉलची चूक दिसणारच नाही. एक संभाजीनगरला, एक नांदेडला असं करू नका. ते अंतर सुमारे ११५ नॉटिकल मैल आहे आणि तुमच्या कॉन्फिगमध्ये आउट-ऑफ-रीच (किती मैलांपर्यंतची विमानं एकमेकांना दिसावीत) १०० असेल तर सर्व्हर ठणठणीत असूनही दोघं एकमेकांना दिसणार नाहीत. लातूर आणि नांदेड घ्या, साधारण ६५-७० मैल. कॉलसाइन सात अक्षरांत बसवा. मग मम्बलवर एफजीकॉमच्या (विमानाच्या रेडिओसारखं बोलायची सोय) चॅनलमध्ये एकच फ्रिक्वेन्सी लावून बोलून पाहा, आणि शेवटी एक छोटा सर्किटचा पायरेप पाठवून तो यादीत उतरतो का बघा. मंगळवारी ०२३० झेडला मी लातूरच्या रनवेवर असेन, नांदेडला कुणीतरी या.

गोदाकाठ, नांदेड

मी येतो. व्हीएएनडी, पार्किंगवर, दिवे लावून.