मेडिकल कॉलेजची लायब्ररी: इनोव्हेशनला कामाची की नुसता अभ्यासाचा हॉल?

डिचोलकर
आमच्या कॉलेजात, नाव नको, नव्या इनोव्हेशन सेलला, म्हणजे नवी उपकरणं-औषधं घडवणाऱ्या गटाला, जागा हवी म्हणून लायब्ररीचा अर्धा हॉल द्यायचं घाटतंय. थ्रीडी प्रिंटर येणार, जुन्या जर्नलांची कपाटं जाणार. माझं मत उलटं आहे. त्या सेलमध्ये पहिली खुर्ची ग्रंथपालाला द्या.

मी स्किनला पीजी करतोय. काजू फॅक्टरीतल्या बायका ओपीडीला येतात. बोटांची टोकं काळी पडलेली, सालं निघालेली. टरफलातलं तेल उततं. राख नाहीतर तेल चोळून कामाला बसतात. हातमोजे घातले तर बी नीट धरता येत नाही म्हणतात. मला वाटलं, मातीचा थर बसेल असं एखादं लोशन करावं. आठ महिने 'काजू' आणि 'डर्मटायटिस' (कातडीचा दाह) एवढंच टाकून शोधत राहिलो. हाताला लागत होतं ते बहुतेक काजू खाऊन होणाऱ्या ॲलर्जीचं. शेवटी लायब्ररीतल्या मॅडमनी माझी स्क्रीन बघितली नि म्हणाल्या, "काजू कसला शोधता? बिब्ब्याचं कुळ शोधा."

काजू, बिब्बा, आंबा आणि अमेरिकेतली पॉयझन आयव्ही ही अंगावर फोड उठवणारी रानवेल, ही सगळी एकाच कुळातली. उतवणारी रसायनंही भावकीतलीच. दुपारच्या चहाच्या आत सापडलं: पॉयझन आयव्हीसाठी बेंटोनाइट मातीपासून केलेल्या लोशनला अमेरिकेत १९९६ सालीच मान्यता मिळालेली.

वेर्णा_मेकर
म्हणजे लायब्ररीने तुमची आयडिया मारली. अभिनंदन!
आम्ही उपकरणं बनवतो, म्हणून स्पष्ट बोलतो. आधी सगळं वाचत बसलात तर काहीच बनत नाही. पणजीच्या पालिका उद्यानाला ज्याचं नाव आहे त्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने औषधी वनस्पतींवर पुस्तक लिहिलं, १५६३ साली इथेच गोव्यात छापलं. ते काय कपाटं उघडून? इथल्या वैद्यांना, व्यापाऱ्यांना विचारून, वस्तू हातात घेऊन. आणि शोधायचंच असेल तर एआय आहे, मॅडमचा पगार कशाला?

जुनी_कपाटं
मी निवृत्त ग्रंथपाल. ऑर्ताचंच घ्या. डायोस्कोरिडीस, गॅलन, अविसेना या जुन्या नामांकित वैद्यांचं कुठे चुकलं ते तो छातीठोकपणे सांगू शकला, कारण त्याने त्यांना वाचलं होतं. ज्याला जुनं ठाऊक नाही त्याला नवं काय सापडलं हे तरी कसं कळणार?

आणि न वाचल्याची किंमत. २००१ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याच्या अभ्यासासाठी निरोगी स्वयंसेवकांना हेक्सामेथोनियम नावाचं औषध हुंगायला दिलं, त्यात एक तरुणी गेली. संशोधकाने पबमेड, म्हणजे वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची, बघितली होती. ते तेव्हा १९६६ पर्यंतच मागे जायचं. या औषधाने फुप्फुसाला इजा होते हे सांगणारे लेख १९५०च्या दशकातले होते. तुमच्या कॉलेजातून जाणार आहेत ती कपाटं नेमकी त्या काळातली नाहीत ना, एवढं बघून घ्या.

वेर्णा_मेकर
मॅडम, पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट झाली ही. आता पीडीएफ नाही असं काय राहिलंय?

जुनी_कपाटं
पुष्कळ. अमेरिकेने जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये दिलं आणि १९९७ मध्ये रद्द केलं, ते कशाच्या जोरावर? आपल्या सीएसआयआरने, म्हणजे सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेने, जुने संस्कृत ग्रंथ नि भारतीय वैद्यकीय जर्नलमधला १९५३चा लेख पुढे ठेवला म्हणून. कुणीतरी ते जपून ठेवलं होतं, कुणालातरी ते कुठे आहे हे माहीत होतं. एआयचं म्हणाल तर माझ्याकडे आलेल्या एका मुलाच्या यादीतले तीन लेख अस्तित्वातच नव्हते. लेखकांची नावं मात्र झकास होती.

फोंड्याची_सिस्टर
भांडण मोठ्या कॉलेजवाल्यांचं चाललंय, मध्ये बोलते. वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे जर्नलांची वर्गणी सरकारनेच भरायची योजना, १ जानेवारी २०२५ पासून आली, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार जर्नल. छान. पण ते सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना. गावात स्वतःचा दवाखाना घालून बसलेल्या डॉक्टराला? गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ साली माकडताप निघाला, तेव्हा काजूच्या बागेतून तापाने फणफणून आलेला माणूस आधी अशाच दवाखान्यात गेला असणार. माकडताप म्हणजेच क्यासनूर फॉरेस्ट डिसीज आणि त्यावर १९५७ पासूनचं शिमोग्याकडचं काम पडलंय, हे त्याला फोनवर सांगणारं कुणी हवं. तुमचा ग्रंथपाल खुर्चीत बसवू नका, फोनवर बसवा.

वेर्णा_मेकर
सिस्टरांचं पटलं. फोन हवा, हॉल नको. माझं प्रिंटरचं मत मात्र कायम आहे. डिचोलकर, मग लोशनचं पुढे काय? बासनात?

डिचोलकर
बासनात कशाला? आठ महिने वाया गेले ते माती शोधण्यात. ती आता शोधायची नाही. पॉयझन आयव्हीवालं लोशन पंधरा मिनिटं आधी लावायचं आणि दर चार तासांनी पुन्हा. जंगलात फिरणाऱ्याला ठीक आहे. इथे बाई किलोवर मजुरी घेते, हात घामाने ओले, वर टरफलाचं तेल. ती मध्येच उठून हात धुऊन, पुसून, वाळवून परत लेप लावील? आणि लावलाच तर गरावर माती येईल त्याचं काय? ही काजू माणसं खाणार आहेत. मॅडमना कालच विचारलंय, खाण्याच्या वस्तू हाताळणाऱ्यांसाठी असलं काही झालंय का. सोमवारी बोलवलंय.
तुमचा प्रिंटर लागेल तो बोटांच्या टोप्यांसाठी. वेर्ण्याहून मापं घ्यायला याल का?