'राकोंते' : सांगे, सांगायची की सांगत होती?

मूळ प्रश्न

एका फ्रेंच आठवणवजा लेखाचा मराठी अनुवाद करताना मी एकाच क्रियापदापाशी अडले आहे. लेखातील वाक्ये देवनागरीत अशी लिहिता येतील: 'ल स्वार, मा ग्रांमेर राकोंते देझिस्त्वार. स स्वार-ला, एल राकोंते सेल द्यु लू, कां ला लांप ए तोंबे.' मी त्यांचा अनुवाद असा केला: 'रात्री आजी गोष्टी सांगे. त्या रात्री ती लांडग्याची गोष्ट सांगत होती, तेवढ्यात दिवा खाली पडला.' मसुदा तपासणाऱ्या संपादकांनी 'सांगे' खोडून दोन्ही ठिकाणी 'सांगत होती' केले. मुळात दोन्हीकडे 'राकोंते' हेच रूप आणि अँपार्फे (फ्रेंचमधला एक भूतकाळ) हाच काळ असताना मराठीत दोन काळ कशासाठी, असे त्यांचे म्हणणे आहे. शिवाय 'सांगे' आज कोणी बोलत नाही, असेही त्यांनी समासात लिहिले आहे. पण 'रात्री आजी गोष्टी सांगत होती' हे वाक्य वाचले की मला एकच रात्र दिसते, बालपणातल्या सगळ्या रात्री दिसत नाहीत.

पहिल्या वाक्यात कोणते रूप योग्य, आणि अँपार्फेला मराठीत अपूर्ण भूतकाळ म्हणावे की रीतिभूतकाळ, यावर जाणकारांचे मत हवे आहे.

प्रतिसाद १

दोन रूपे ठेवण्याचा आपला निर्णय मला बरोबर वाटतो. अँपार्फे हे नाव लॅटिनमधील 'पूर्ण न झालेला' या अर्थाच्या शब्दावरून आले असले, तरी काम अर्धवट राहिले असा त्याचा अर्थ नाही. बोलणारा घटनेच्या आत उभा असतो आणि तिची सुरुवात व शेवट ही दोन्ही टोके त्याच्या नजरेबाहेर असतात, एवढेच हा काळ सांगतो. रोजच्या सवयीलाही अशी टोके नसतात आणि चालू असलेल्या क्रियेलाही नसतात, म्हणून फ्रेंचला दोन्हींसाठी एक रूप पुरते. मराठीने मात्र त्यांची वाटणी केलेली आहे, आणि ती वाटणी अनुवादात पुसून टाकण्याचे काही कारण नाही.

फ्रेंच शिकवताना 'क्रिया बराच वेळ चालली तर अँपार्फे' असा नियम सांगितला जातो आणि तो मुलांची फार दिशाभूल करतो. चौदाव्या लुईने 1643 ते 1715 अशी 72 वर्षे राज्य केले, आणि हे सांगताना फ्रेंच माणूस अँपार्फे वापरत नाही, कारण 72 वर्षे म्हटले की दोन्ही टोके दिसली. मराठीतही आपण तिथे 'राज्य केले' असेच म्हणतो, 'करत होता' म्हणत नाही. 'साव्हवार' म्हणजे माहीत असणे; त्याचे अँपार्फे 'इल साव्हे' म्हणजे त्याला ठाऊक होते, तर पासे कोंपोझे या पूर्ण झालेली घटना सांगणाऱ्या भूतकाळातले 'इला स्यु' म्हणजे त्याला कळले. जो फरक फ्रेंच भाषा काळ बदलून करते, तो आपण क्रियापदच बदलून करतो. काळाला काळ जुळवण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी हे एक उदाहरण जरूर पाहावे.

प्रतिसाद २

अर्थाची चर्चा चालू आहे, पण रूपाबद्दलही लिहावेसे वाटते, कारण माझी परीक्षा तिथेच बिघडली होती. मी मूळ क्रियापदालाच प्रत्यय जोडत असे आणि 'ब्वार' म्हणजे पिणे याचे 'ब्वारे' करून आलो होतो. वर्तमानकाळातले 'नू' म्हणजे 'आम्ही'चे रूप घ्यायचे, त्याचा 'ओं' काढायचा आणि उरलेल्या अंगाला प्रत्यय लावायचे, हे मला फार उशिरा कोणीतरी समजावले. नू ब्युव्हों, म्हणून झ ब्युव्हे. नू फिनिसों, म्हणून झ फिनिसे. वर्तमानकाळात वाकडीतिकडी वाटणारी क्रियापदे इथे अगदी शिस्तीत येतात. अपवाद एकच, 'एत्र' म्हणजे असणे: 'नू सोम'मधून काहीच निघत नाही, म्हणून 'झेते' वेगळे पाठ करावे लागते. 'पाऊस पडणे' आणि 'लागणे, हवे असणे' या क्रियापदांना 'आम्ही'चे रूपच नाही, त्यामुळे 'इल प्लव्हे' आणि 'इल फाले' ही रूपेही तशीच लक्षात ठेवायची.

मी, तू, तो आणि ते या चार पुरुषांची रूपे उच्चारात एकसारखी आहेत, मात्र लिहिताना त्यांचे तीन वेगळे शेवट होतात. या शेवटांत आज 'आ' आणि 'इ' ही अक्षरे लागोपाठ येतात. पूर्वी तिथे 'ओ' आणि 'इ' लिहीत. बदल व्हावा म्हणून व्होल्तेरने अठराव्या शतकातच आग्रह धरला होता, पण फ्रेंच अकादमीच्या कोशाने नवे लेखन स्वीकारले ते 1835 साली. म्हणजे उच्चार कधीच पुढे गेला होता आणि लेखन मागून आले.

मूळ प्रश्नातील लिप्यंतराबद्दल एक सूचना आहे. 'राकोंते' असे लिहिल्यावर अँपार्फे आणि पासे कोंपोझेमधले धातुसाधित यांत फरकच उरत नाही. फ्रेंचमध्ये पहिल्याचा 'ए' विवृत (तोंड जास्त उघडून उच्चारलेला) आहे आणि दुसऱ्याचा संवृत, आणि देवनागरीत दोन्हींसाठी आपण तीच मात्रा देतो.

प्रतिसाद ३

नावाच्या प्रश्नाकडे कोणी वळलेले दिसत नाही. युरोपीय व्याकरणकार संस्कृतच्या लङ् लकाराला, म्हणजे तिथल्या एका भूतकाळाला, याच लॅटिन नावाने ओळखतात, आणि पाणिनीने 'अनद्यतने लङ्' (3.2.111) असे सूत्र दिले आहे. मग अँपार्फेला 'अनद्यतन भूतकाळ' म्हणण्यात अडचण कोणती? घडवलेला शब्द हाताशी असताना अँपार्फे, पासे कोंपोझे असे परके शब्द मराठी वाक्यात जसेच्या तसे बसवणे मला मनापासून खटकते.

प्रतिसाद ४

अडचण अर्थाची आहे. अनद्यतन म्हणजे जे आज घडलेले नाही ते. अँपार्फेला आज आणि काल यांचे काहीही बंधन नाही. 'आज सकाळी पाऊस पडत होता' हे वाक्य फ्रेंचमध्ये अँपार्फेतच येते. लङ्ला युरोपीयांनी ते नाव दिले ते रूपावरून, कारण ग्रीकमधल्या त्या नावाच्या काळाप्रमाणेच तो वर्तमानकाळाच्या अंगापासून, आधी 'अ' लावून होतो. दोघांचा अर्थ एक आहे असे त्यावरून ठरत नाही.

उलट 'अनद्यतन' हे नाव फ्रेंचमध्ये कशाला शोभले असते, तर पासे सँप्लला, म्हणजे संपलेली घटना सांगणाऱ्या दुसऱ्या एका भूतकाळाला. 1660 च्या पोर-रोयाल या फ्रेंच व्याकरणग्रंथात असा नियम आहे की पासे सँप्ल आजच्या दिवसातल्या घटनेसाठी वापरू नये. 'मी काल लिहिले' चालेल, 'मी आज सकाळी लिहिले' चालणार नाही. पाणिनीचा शब्द इतका नेमका बसणारी दुसरी जागा मला माहीत नाही, आणि ती जागा अँपार्फेची नाही.

प्रतिसाद ५

'सांगे आज कोणी बोलत नाही' या शेऱ्याने मला वाईट वाटले. बोलत नाही हे खरे. बोलताना आपण सगळेच 'आजी गोष्टी सांगायची' असे म्हणतो. पण लिहिताना 'सांगे'मध्ये जी लय आहे, ती 'सांगत असे'मध्येही पूर्ण येत नाही. हे रूप मुळात जुन्या मराठीचा वर्तमानकाळ आहे. 'तुका म्हणे'मधला 'म्हणे' म्हणजे 'म्हणतो'. पुढे 'म्हणतो' हे नवे रूप वर्तमानकाळात स्थिरावले आणि जुने रूप भूतकाळातल्या सवयीकडे सरकले. इतका प्रवास करून आलेले रूप केवळ बोलण्यात नाही म्हणून लेखणीतूनही काढून टाकायचे का?

माझे मत: लेख प्रौढ भाषेत असेल तर 'सांगे', लेखक वाचकाशी गप्पा मारत असेल तर 'सांगायची'. 'सांगत होती' मात्र पहिल्या वाक्यात कदापि नाही.

प्रतिसाद ६

व्युत्पत्तीचा विषय निघालाच आहे, तर संपादकांच्या बाजूनेही एक गोष्ट मांडतो. फ्रेंच अँपार्फेचे प्रत्यय ज्या लॅटिन प्रत्ययातून झिजत आले, त्यातला 'बा' हा 'असणे, होणे' या अर्थाच्या मूळ धातूपासून आला असे बहुतेक अभ्यासक मानतात. संस्कृतमधला 'भू' तोच, आणि आपला 'होणे' त्याच 'भू'पासून आला. म्हणजे 'सांगत होती'मधली 'होती' आणि 'राकोंते'चा शेवट ही लांबची भावंडे ठरतात.

आणखी एक जवळीक पाहा. फ्रेंच मुले खेळ मांडताना अँपार्फेत बोलतात: 'त्वा, त्यु एते ल मालाद, ए म्वा, झेते ल दॉक्तर', शब्दशः 'तू रुग्ण होतास आणि मी डॉक्टर होतो'. आपली मुलेही 'मी डॉक्टर होतो' असेच म्हणतात.

प्रतिसाद ७

व्युत्पत्ती मान्य, पण खेळातला 'होतो' भूतकाळ नाही, तो 'होणे'चा वर्तमानकाळ आहे. प्रथमपुरुषी दोन्ही रूपे एकसारखी असल्याने फसगत होते. द्वितीय पुरुषात तपासावे: भूतकाळ 'तू होतास', वर्तमान 'तू होतोस'. माझ्या भाचीचा खेळ मी मुद्दाम कान देऊन ऐकला आहे. ती म्हणते, 'मी आई होते, तू बाळ हो.' पुढे आज्ञार्थ येतो, 'तू बाळ होतास' असे ती कधीच म्हणत नाही.

मूळ प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. पहिल्या वाक्यात 'सांगे' ठेवून मसुदा परत पाठवला आहे. नावाचा निर्णय मात्र अजून झालेला नाही. दरम्यान पुढचेच वाक्य नव्याने अडले आहे: 'युन मिन्युत द प्ल्युस, ए ल रिदो ब्र्युले.' इथेही अँपार्फेच आहे, पण पडदा पेटलेला नाही. आजीने दिवा वेळेवर उचलला. मी 'आणखी एक मिनिट, आणि पडदा पेटला असता' असे केले. संपादकांनी इथेही 'पेटत होता' सुचवले आहे.

प्रतिसाद ८

या वेळी मी संपादकांच्या बाजूचा आहे. मूल जिन्यावरून घसरता घसरता सावरले की आपण 'आत्ता पडत होतास!' म्हणतो, आणि ते पडलेले नसते. फ्रेंच वाक्यातला धसका 'पेटला असता'मध्ये निवून जातो.

प्रतिसाद ५ यांचे उत्तर

'आत्ता पडत होतास' हे त्या क्षणी, समोरच्या मुलाला म्हणतात. आठवणीच्या लेखात 'पडदा पेटत होता' वाचणाऱ्याला पेटलेला पडदाच दिसेल. 'पेटलाच होता' करून पाहिले का?